जोळातला एक माणूस

टेम्पो बांधावरच उभा करावा लागला, कारण आमच्या दारापर्यंत रस्ता नव्हता. कपाट, शिलाईचं मशीन, दोन पेट्या आणि भांड्यांची पोती गावातल्या माणसांनी डोक्यावरून आणून टेम्पोत चढवली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली शेतं आणि मधे तो मातीचा बांध. आमची मुलगी दर्शना तेव्हा अकरा वर्षांची होती. ती आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती आणि रॅकेटची पिशवी तिने मांडीवर घेतली होती. ती पिशवी तिने मागे ठेवू दिली नाही.

माझ्या बाबांनी कुणाला जवळ वगैरे घेतलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. त्यांनी सामानाची दोरी दोनदा ओढून पाहिली आणि मला म्हणाले, "जोळाचा निरोप आला की यायचं. येवढं केलंस की घर हाय."

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि आमच्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. गावातल्यांना जोळ म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. पण निघालेल्यांच्या मुलांना तो शब्दही माहीत नसतो, म्हणून सांगतो. अलिबाग आणि पेणच्या मधला आमचा खारेपाट भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खाडीचं पाणी अडवतो तो फक्त बांध. बांधाला भगदाड पडलं, ज्याला आम्ही खांड म्हणतो, तर खारं पाणी भातात शिरतं आणि जमिनीतला खार धुऊन निघायला तीन पावसाळे जातात. म्हणून ज्या ज्या घराचं शेत बांधाच्या आत, त्या प्रत्येक घराने खांड बुजवायला एक माणूस द्यायचा. हा जोळ. शेत पाच गुंठे असो की पाच एकर, माणूस एकच. आमच्या जोळात अठ्ठावीस घरं होती.

ओहोटी लागली की सगळे एका ओळीत उभे राहतात. मेढी, म्हणजे लाकडाचे खुंट, ठोकायच्या, मधे पेंढा दाबायचा आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. ज्या घराचा माणूस आला नाही त्याला कोणी दंड करत नसे. फक्त ओळीत त्याच्या जागी अंतर पडायचं, शेजारच्याला ढेकूळ लांब फेकावं लागायचं, आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहायचं. बाबा म्हणायचे, "जमीन नावावर असून भागत न्हाय. जोळात माणूस लागतं."

भातशेती करणाऱ्या गावातली मुलगी टेनिस कशी शिकली, हे मला पुण्यातल्या आणि नंतर परदेशातल्या पालकांनीही विचारलं. उत्तर साधं आहे. हायस्कूलचे खेळाचे शिक्षक, पाटील सर, तरुणपणी सैन्यात असताना टेनिस खेळले होते. त्यांच्याकडे चार जुन्या रॅकेटी होत्या आणि मैदान नव्हतं. दर्शना भिंतीवर चेंडू मारायची ते त्यांनी पाहिलं आणि बाबांना येऊन सांगितलं, "हिला सपाट जमीन द्या, बाकी मी बघतो."

बाबांनी जोळ बोलावला. बांध फुटलेला नसताना जोळ बोलावण्याची ती पहिलीच वेळ, आणि लोक बोलल्याशिवाय राहिले नाहीत.

"बांधाला माणूस देतो, चेंडूफळीला कशापाई?" एकाने विचारलं.

"पोर कोनाची, तुजी का माजी?" दुसरा म्हणाला.

बाबा म्हणाले, "जोळाची."

आमचं खळं मोठं होतं. मी दोरीने माप घेतलं, अठ्ठ्याहत्तर फूट लांब, सत्तावीस फूट रुंद. माती टाकून, पाणी मारून, चोपण्यांनी चोपून बायका-पुरुषांनी चार दिवसांत जमीन घट्ट केली. जाळं रेवदंड्याच्या एका कोळ्याकडून आणलं, मासळीचंच, त्याला शेवटपर्यंत वास होता. फक्त एक गोष्ट झाली. आमच्या माणसांना जमीन करायची एकच रीत माहीत होती, ती खळ्याची. खळं मधे जरा उंच आणि कडेला उतरतं करतात, म्हणजे पाणी थांबत नाही. टेनिसचं कोर्टही त्यांनी तसंच केलं, कासवाच्या पाठीसारखं. सरांनी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. पण चोपलेली जमीन पुन्हा फोडायला सांगण्याची कुणाची छाती होती?

त्या कोर्टावर चेंडू पडला की कडेच्या उताराला लागून पळायचा. मागे उभं राहिलं तर हाती लागायचा नाही. म्हणून दर्शना पुढे येऊन, चेंडू उसळत असतानाच मारायला शिकली. पुण्यातल्या पहिल्या प्रशिक्षकाने तिचा खेळ पाहून मला विचारलं, "इतकं पुढे येऊन घ्यायला हिला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "उताराने." त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे.

पुण्याला आम्ही गेलो कारण सरांचं शिकवणं संपलं होतं आणि त्यांनीच ते प्रामाणिकपणे सांगितलं. मी भातगिरणीतलं मोजणीचं काम सोडून सुट्या भागांच्या गोदामात लागलो. तिथे अजून आहे. माल आणि आकडा जुळवणं एवढंच मला येतं. बायको वंदनाने शिवणकाम धरलं. खर्चाचं इथे लिहीत नाही, ते आमचं आम्ही पाहिलं. दोन खोल्यांत खिडकी उघडली की समोरच्या इमारतीच्या मागच्या बाजूची नळांची रांग दिसायची. वंदना पहिले सहा महिने पहाटे उठून सवयीने विचारायची, "भरती कधी हाय?" मग स्वतःच हसायची. पुढे तिने विचारणं सोडलं आणि हसणंही.

त्या वर्षांत जोळाचा निरोप तीनदा आला. मी तिन्ही वेळा रजा टाकून गेलो. त्यातली एक वेळ बाबा वारल्यानंतरची. तेव्हा माझा थोरला भाऊ, दादा, जोळाचं बघायला लागला होता. चिखलात मांडीपर्यंत उभा असताना मला कधीही वाटलं नाही की मी पुण्याचा आहे.

दर्शनाला अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. गावाने नाक्यावर फलक लावला. त्यावर पाच पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि सहावा, सगळ्यात लहान, तिचा. दादा मला फोनवर म्हणाला, "चष्मा लावून बघितला, हाय बाबा तुझी पोर, डाव्या कोपऱ्यात."

कॉलेजची ती चार वर्षं चांगली गेली. तिथे टेनिस संघाने खेळतात. दुहेरीचा मिळून एक गुण, एकेरीच्या सहा सामन्यांचे सहा. सातांत चार ज्यांचे, ते जिंकले. एकाच वेळी सहा कोर्टांवर सहा मुली खेळत असतात आणि आपलं संपलं की दुसरीच्या कोर्टाशेजारी उभं राहून ओरडायचं. एकदा दर्शना हरली आणि संघ चार-तीनने जिंकला. व्हिडिओ कॉलवर ती घामाने निथळत होती आणि नाचत होती. मी दादाला तो हिशेब समजावून सांगितला. त्याला मुळीच वेळ लागला नाही.

"म्हंजे आपला जोळच की," तो म्हणाला. "एकाची ढेकूल पडली तं दुसरा उचलतो."

मग पदवी झाली. नोकरी करायची की व्यावसायिक सर्किटवर खेळायचं, हा प्रश्न आला. तिने सर्किट निवडलं. आम्ही नाही म्हणालो नाही. ज्या गोष्टीसाठी घर हलवलं तिला ऐन वेळी नाही कसं म्हणणार? पदवीनंतरच्या आठवड्यात संघाच्या ग्रुपमधून जुन्या मुलींची नावं काढली. प्रशिक्षिकेने आधी छान निरोप लिहिला होता, खाली लाल बदाम होते. दर्शनाने तो मला दाखवला आणि म्हणाली, "बाबा, नियमच आहे तसा. नव्या मुली येतात ना." मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच होतं. पण आमच्या जोळातून मेलेल्या माणसाचंसुद्धा नाव काढत नाहीत. घराचं नाव राहतं, माणूस बदलतो.

सर्किट म्हणजे काय हे फलक लावणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. जे टीव्हीवर दिसतं ते शिडीचं वरचं टोक. ही खालच्या पायरीवर आहे. ट्युनिशिया, तुर्कस्तान, कुठे कुठे एकाच हॉटेलच्या मागच्या कोर्टांवर आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालतात. पहिली फेरी जिंकली तर एक गुण. तो गुणही वर्षभराने वजा होतो, म्हणजे मागच्या वर्षी जिंकलेलं या वर्षी पुन्हा जिंकलं नाही तर माणूस जागच्या जागी खाली जातो. तिचा क्रमांक नऊशेच्या घरात आहे. गोदामात आम्ही अशा मालाला जिता साठा, म्हणजे खपणारा माल, म्हणत नाही.

पाहायला कोणी नसतं. दुहेरीची जोडीदार आदल्या संध्याकाळी ठरते. जिच्याशी सोमवारी दुहेरी खेळली, तिच्याशीच बुधवारी एकेरी. सगळ्यात मला लागलं ते पर्यायी खेळाडूंच्या यादीचं. कोणी आजारी पडली, पाय मुरगळला, तर यादीतली पुढची मुलगी रॅकेट घेऊन उभीच असते. पाच मिनिटांत जागा भरते. सामना वेळेवर सुरू होतो. एकदा दर्शनाला ताप आला तेव्हा मी फोनवर पाहत होतो. तिचं नाव होतं तिथे बघता बघता दुसरंच नाव आलं. कोर्ट तेच, वेळ तीच.

मी सामने असेच पाहतो, म्हणजे आकडे पाहतो. चित्र नसतं. दोन नावं, गुण, आणि सर्व्हिस कोणाची ते दाखवणारा ठिपका, जो प्रत्येक गेमनंतर दुसऱ्या नावाकडे सरकतो. बराच वेळ ठिपका हलत नाही तेव्हा कळतं की मुलगी अडकली आहे. तिकडच्या संथ मातीवर प्रशिक्षकांनी तिला मागे उभं राहायला लावलं. पुढे येणं बंद. "तो खेळ कॉलेजात चालतो," असं तिला सांगण्यात आलं. उताराने शिकवलेलं तिने सहा महिन्यांत विसरायचं होतं. ती विसरायला लागली, आणि नवीन काही पूर्ण आलं नाही.

गावाहून फोन यायचे. "टीव्हीवर कवा दिसनार?" "अजून पात्रता फेरीच काय?" नाक्यावरचा फलक एव्हाना कुणीतरी गोठ्याच्या छपरावर टाकला होता, चेहरे खाली करून. दादाने तेही सांगितलं. त्याला काही लपवता येत नाही.

गेल्या श्रावणात दर्शना व्हिसाची वाट पाहत पुण्याला आली होती. एका सकाळी मी गावच्या एकाच्या स्टेटसवर व्हिडिओ पाहिला. आमच्या शेतात पाणी. आवणी, म्हणजे लावणी, झालेल्या भातावरून खाडी वाहत होती. अमावास्येच्या उधाणात उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, खांड पडली होती, आणि व्हिडिओ तीन दिवसांपूर्वीचा होता.

मी दादाला फोन लावला. "मला का नाही कळवलं?"

"कळवून काय केलं असतंस? तू तिकडं."

"निरोप आला की मी येतो. कधी आलो नाही, सांग."

"आलास," दादा म्हणाला. "सगल्यांनी यायचं सोडलं, तू आलास. पन आता निरोपच कोन देत न्हाय रं. अठ्ठावीस घरांतली नऊ मानसं आली. बाकीची पनवेलला, नाय तं नव्या मुंबईला. अर्ध्या घरांना ही खांड बुजायला नको हाय. पडीक जमीन इकायला सोपी, समजलास?"

मी समजलो. जमीन खारी झाली की पिकत नाही, पिकत नाही म्हणून विकली तर कुणाला वाईट वाटत नाही. एक दलाल वर्षभर गावात फिरतो आहे, हे मला ठाऊक होतं. दादाला विकायची नव्हती. त्याचं सगळं तिथेच होतं, पुढच्या तीन वर्षांचं भात धरून.

दर्शना दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "चला, जाऊया." मी म्हटलं, व्हिसा? ती म्हणाली, "व्हिसा काही मी इथे बसले म्हणून लवकर येणार नाही."

आम्ही पोचलो तेव्हा भांग लागलं होतं, म्हणजे भरतीचा जोर कमी असणारे दिवस. खांड बुजवायची ती त्यातच. ओहोटीला पाणी उतरत होतं. सगळ्यात आधी वर आला तो आमच्या कोर्टाचा मधला भाग, कासवाची पाठ तशी, भोवती सगळीकडे पाणी.

"आबा, तुमचं कोर्ट खरंच वाकडं होतं की," दर्शना दादाला म्हणाली.

"वाकडं न्हाय, शहानं व्हतं," दादा म्हणाला. "बघ, हाय काय पानी तेच्यावर?"

ती ट्रॅक पँट गुडघ्यावर गुंडाळून ओळीत उभी राहिली. जोळात बाई उभी राहत नाही. कोर्टाच्या वेळी बायकांनी जमीन चोपली होती, पण ते खळं होतं, बांध नव्हे. एक म्हातारा म्हणाला, "गो बाय, हातानला चिखल लागंल, मग बॅट कशी धरशील?" ती म्हणाली, "काका, तुमी ढेकूल नीट द्या, मी पाडत न्हाय." सगळे हसले. अमेरिकेत चार वर्षं राहिलेली माझी मुलगी आमची बोली बोलते हे मलाही तेव्हाच नव्याने कळलं.

नऊ आणि आम्ही दोघं. दोन दिवस, दिवसा उजेडी मिळाली ती प्रत्येक ओहोटी. तिने खरंच एकही ढेकूळ पाडलं नाही. ओळीत अंतर पडलं तिथे ती पुढे यायची, वरच्यावर झेलायची आणि वळून द्यायची. मी तिचा खेळ कित्येक महिन्यांनी पाहत होतो, आणि हा तिचा जुना खेळ होता. दादाही पाहत होता. तिच्या आणि त्याच्या मधला एक माणूस त्याने दुसरीकडे हलवला.

बांध उभा राहिला, पण अंगात पुरेसा जाड झाला नाही. अकरा माणसांचा बांध तेवढाच होतो. पौर्णिमेच्या उधाणाने तो नेला. तोवर दर्शनाचा व्हिसा आला होता आणि ती ट्युनिशियात पोचली होती.

पुढचं भांग लागायच्या आधी दादाचा फोन आला. कित्येक वर्षांनी निरोप आला होता, पण माझ्यासाठी नव्हता. "दर्शी हाय का? तिला बोलव. पोर बरी उभी राते."

मी म्हणालो, "ती नाही इथे. मी येतो."

"ये," दादा म्हणाला. आणि मग, "तुजा दुखरा गुडघा चालंल?"

तेव्हा तिची पात्रता फेरी चालू होती. माझ्या दुसऱ्या फोनवर ठिपका हलत नव्हता. ती हरली, तीन-सहा, दोन-सहा. मी तिला निरोपाचं काही सांगितलं नाही आणि गावी गेलो. या वेळी सातच माणसं होती. मी ओळीत उभा राहिलो. माझ्या आणि दादाच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती. मी सरकून ती भरायला गेलो तर दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे." आणि त्या मोकळ्या जागेवरून तो दिवसभर ढेकळं लांब फेकत राहिला. साठीचा माणूस. खांड बुजली नाही.

पुण्याला परतल्यावर मी दर्शनाला फोनवर सगळं सांगितलं. ती एकदम म्हणाली, "मला का नाही कळवलं?"

"कळवून काय केलं असतंस? तू तिकडे."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं ते कुणाचं होतं.

मग तिने विचारलं, "माझ्या जागी कोण होतं?"

"कोणी नाही. दादा लांब फेकत होता."

पलीकडे चेंडूंचे आवाज येत होते, कुणाचा तरी सराव चालू असावा. ती म्हणाली, "पुढच्या भांगाला पण माझ्या जागी कुणाला उभं करू नका."

मी बरं म्हणालो. मी जाऊन आलो त्याच आठवड्यात सातांपैकी तीन घरांनी दलालाला होकार दिला आहे, हे मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सामना होता.